शिलालेख आणि संगणकातील गड

अंबरनाथच्या शिवालयाचा काळ इ. स. १०६० हा आपण तेथील शिलालेखावरून सांगतो. पण अवघ्या तीस वर्षांपूर्वीच्या खेळाचे काय? १९९६ साली ‘क्वेक’ निघाला. त्यात किल्ले, राक्षस आणि बंदुका एकत्र नांदत होत्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील तिघा तरुणांनी त्यावरून ‘टीम फोर्ट्रेस’ रचला. येथे एकट्याच्या शौर्याने भागत नसे. टेहळ्या, वैद्य, नेमबाज अशी कामे वाटून घेऊन दोन पक्ष दूरदूरच्या संगणकांवरून झुंजत. शिवकालीन गडाचा कारभारही असाच हवालदार, सबनीस, कारखानीस यांत विभागलेला असे.

भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मग उल्हासनगर-बदलापूरच्या सायबर कॅफेंत कोण काय खेळले, याचा शिलालेख कोठून येणार? उल्हासनगरच्या वडीलधाऱ्यांकडून फाळणीची हकीकत आपण ऐकली, तशीच त्या पोरांची हकीकतही वेळीच टिपून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.