'सब्जेक्ट' आणि कर्ता

मराठी व्याकरणलेखनाचा इतिहास हा परिभाषेच्या स्थलांतराचाही इतिहास आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यातील संज्ञा संस्कृत परंपरेच्या असल्या, तरी मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप होती. इंग्रजीतील 'प्रिपोझिशन' नामापूर्वी येते, तर मराठी शब्दयोगी अव्यय नामामागून. हा भेद त्या चौकटीत सहज सामावला. खरा पेच 'सब्जेक्ट'चा होता.

'१९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला' या वाक्यात कर्ता 'शेतकऱ्यांनी' हा आहे. 'केला' हे रूप मात्र 'सत्याग्रह' या कर्मानुसार सिद्ध होते. तेथे 'चळवळ' योजली की तेच 'केली' होते. म्हणजे कर्तृत्व एका पदाकडे आणि क्रियापदावरील सत्ता दुसऱ्याकडे. इंग्रजीत ही सत्ता 'सब्जेक्ट'कडेच राहते. पण कर्मणी वाक्यात तो 'सब्जेक्ट' क्रिया करणारा नसतोच. म्हणूनच मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) प्रयोगविचाराला महत्त्वाचे स्थान आहे.

'सब्जेक्ट म्हणजे कर्ता' हे समीकरण वर्गात सोयीचे असते. परंतु त्यावरच थांबणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीचे वाक्य पुरते कळत नाही आणि मराठीचेही नाही.