कोठारांतील पर्जन्यमापक

पावसाचें माप घेण्याची विद्या साहेबाबरोबर आली, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. १९०९ सालीं म्हैसुरास शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र छापलें, तेव्हांच ती सुटावयास हवी होती. त्या ग्रंथांत पर्जन्यमापनासाठीं अरत्निभर, म्हणजे सुमारें हातभर, रुंद तोंडाचें कुंड ठेवण्याची आज्ञा आहे. ठेवावयाचें कोठें? ज्योतिष्याच्या दारीं नव्हे, तर राजाच्या धान्यकोठारांत!

पुढें शेतीच्या प्रकरणांत प्रदेशवार आंकडे येतात. जांगल म्हणजे कोरड्या देशांत १६ द्रोण, पाणथळ देशांत २४, अवंतींत २३. अश्मकांत, म्हणजे गोदातीरच्या मुलखांत, जांगलाहूनही कमी. आणि अपरान्तांत, आपल्या कोंकणांत? 'अमित'! मोजमापाच्या या कट्टर भक्तानेंही तेथें हात टेकले.

तें कुंड वसुलासाठीं होतें कीं रयतेसाठीं? पाऊस पाहून सीताध्यक्षानें जास्त किंवा थोड्या पाण्याचीं पिकें पेरावींत, हें उघड हिताचें. पण त्याच प्रकरणांत पाणीपट्टीही आहे: हातानें पाणी देणाऱ्याकडून पांचवा हिस्सा, खांद्यावरून आणणाऱ्याकडून चौथा, यंत्रानें वाहविणाऱ्याकडून तिसरा. उलट, दुष्काळांत राजानें बीं व अन्न पुरवावें, असें चौथें अधिकरण सांगतें. आमच्या मतें हीं दोन्ही कामें एकाच कोठाराचीं असल्यामुळेंच कुंड तेथें आलें. इंग्रजी अमलांतही पर्जन्यमापक पुष्कळ ठिकाणीं बसला तो मामलेदाराच्या कचेरींतच.