टाकलेल्या वस्तूंचा आवाज आणि टाकलेल्या माणसांचा इतिहास

१७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात ज्याँ टिंगेली या स्विस शिल्पकाराने भंगारातून उभं केलेलं एक अवाढव्य यंत्र चालू केलं. सायकलची चाकं, बाथटब, जुना पियानो, मोटारी असं बरंच काही त्यात होतं. ते खडखडलं, वाजलं, पेटलं आणि स्वतःलाच मोडत थांबलं. सगळा खेळ अर्ध्या तासाच्या आत संपला, पण कलेच्या इतिहासात तो कायमचा नोंदला गेला. टाकाऊ वस्तूंतून आवाज काढणाऱ्या अशा कलाकृतींना आज ध्वनिशिल्प म्हणतात आणि त्या घडवणाऱ्याला मोठा कलावंत.

आता परभणी तालुक्यातल्या पेडगावात या, नाहीतर मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात जा. वरात असो, पोळा असो की मयत, हलगी लागतेच. एक गोल कडं, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, हातात एक जाड टिपरू आणि एक बारीक काडी. वाजवण्याआधी जाळ करून हलगी शेकावी लागते. कातडं हवेतली ओल धरून ढिलं पडतं, ऊब लागली की आकसतं आणि आवाज खणखणीत निघतो. किती शेकायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. जास्त झालं तर कातडं फाटतं, कमी झालं तर हलगी बसक्या आवाजात बोलते. हे ज्ञान हाताचं आणि कानाचं आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक वस्तीतच राहिलं.

माझा प्रश्न साधा आहे. गावाने टाकलेल्या जनावराच्या कातड्याला बोलतं करणाऱ्या आपल्या पूर्वजाला शिल्पकार का म्हटलं गेलं नाही? टिंगेलीचं नाव उरलं. आपल्या माणसाचं नाव गेलं आणि जात तेवढी उरली.

'साहित्य हलकं म्हणून माणूस हलका' असं उत्तर काही जण देतील. ते खोटं आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाही वेलीवरून तोडून वाळवलेला भोपळाच असतो. तबल्याला आणि मृदंगाला कातडंच लागतं. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनवणाऱ्यांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, तेव्हा ते बनवणारे हात बहुतांशी दलित ख्रिश्चनांचे आहेत हे सगळ्यांसमोर आलं. त्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी दिलेली जागा चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने ऐनवेळी नाकारली. म्हणजे कातडं मैफलीत चालतं, कातडं कमावणारा चालत नाही. भेद वस्तूत नाही, माणसात केलेला आहे.

हा भेद 'हक्क' या गोड नावाखाली केला गेला. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी आख्यायिका आपल्या आजी-आजोबांनी ऐकवलेली आहे. मेलेलं जनावर ओढणं आणि त्याचं कातडं मिळणं हा त्यातलाच एक 'हक्क'. नाकारण्याची सोय नसलेला हक्क म्हणजे सक्ती. मांगाने दोरखंड वळायचे आणि वाद्यं वाजवायची हेही असंच ठरलेलं होतं. गावकामगार महाराच्या हातातली घुंगुरकाठी आठवा. काठीला घुंगरं बांधली की ती वाजणारी वस्तू झाली. पण तो आवाज धरणाऱ्याच्या आनंदाचा नव्हता. वेठीचा माणूस आला, एवढंच तो गावाला कळवत होता.

म्हणून बाबासाहेबांनी घाव नेमका सक्तीवर घातला. १९ आणि २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, गावच्या उष्ट्यावर जगणं सोडा असं बजावलं. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. १८७४ च्या या कायद्याने महारांची वेठ बांधून ठेवलेली होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा इथे लागू नव्हता. पण गावगाड्याची रीत तीच होती आणि महाडचा संदेश सरहद्द विचारत बसला नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ढोर ओढणं सोडलं, वाजवणं सोडलं, तर मग बाबासाहेबांच्या चळवळीने लोककला मारली का? असा सूर अधूनमधून विद्वानांच्या लेखांत निघतो. त्यांना जलसा दिसत नाही काय? भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाच्या फडातून गण-गौळण बाजूला केली, पण ढोलकी ठेवली. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून हजारो गाणी लोकांच्या तोंडी दिली. तुणतुणं तरी काय असतं? एक पोकळ नळकांडं, खाली कातडं, एक काठी, एक तार. पूर्वी ते राजाच्या आणि देवाच्या नावाने वाजत होतं, आता माणसाच्या नावाने वाजू लागलं. आपल्या लोकांनी आवाज सोडला नाही, हुकूम सोडला.

जगात दुसरीकडे असंच घडलेलं आहे. त्रिनिदाद बेटावर गुलामीतून आलेल्या आफ्रिकी लोकांच्या ढोलांवर इंग्रजांनी १८८४ मध्ये बंधनं घातली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं आली आणि १९४० च्या दशकात तेलाची रिकामी पिंपं आली. पिंपाचं बूड ठोकून खोलगट करायचं, त्यात लहान-मोठे उंचवटे पाडायचे. प्रत्येक उंचवटा वेगळा सूर देतो. सुरुवातीला हे वाजवणाऱ्यांना गुंड म्हणून हिणवलं गेलं. १९५१ मध्ये त्यांचंच पथक लंडनच्या महोत्सवात वाजवायला गेलं आणि १९९२ मध्ये हे स्टीलपॅन देशाचं राष्ट्रीय वाद्य ठरलं. मुख्य गोष्ट अशी की विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट ही घडवणाऱ्यांची नावं तिथे इतिहासात लिहिली गेली. आपल्याकडे हलगीचा पहिला कारागीर कोण, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

आजचं चित्र पाहा. धारावीत कचरा वेचणाऱ्या मुलांचा 'धारावी रॉक्स' हा बँड रंगाचे रिकामे डबे आणि प्लास्टिकची पिंपं वाजवतो. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणत टाळ्या वाजवणारा समाज ती मुलं कचऱ्यात का उतरली हे विचारत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सदस्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. त्यांनी आधी ओळखपत्र मागितलं, आम्ही भिकारी नाही, कामगार आहोत असं ठणकावलं. क्रम असा हवा. आधी माणसाचा हक्क, मग वस्तूचं सौंदर्य. कोल्हापूरकडचे चित्रकार-शिल्पकार प्रभाकर कांबळे यांची 'उतरंड' २०२२ मध्ये बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. घराघरातल्या मडक्यांच्या उतरंडीतून त्यांनी जातीची उतरंड दाखवली. वस्तू साधीच, पण निवड त्यांची आणि नावही त्यांचं.

आता आपल्या घरातलं भांडण. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हलगी वाजावी का? आपले काही तरुण म्हणतात, ती गुलामीची खूण आहे, डीजे लावा. काही म्हणतात, ती आपली संस्कृती आहे, वाजलीच पाहिजे. मला दोन्ही अर्धवट वाटतं. ज्या वाजवणाऱ्याला मुक्कामापासून मानधनापर्यंत काहीच विचारलं जात नाही, त्याची हलगी आपल्या मिरवणुकीतही वेठच आहे. आणि महारांनी सोडली म्हणून मांगाच्या हलगीकडे तुच्छतेने पाहणं, हे तर मनूचंच काम आपण करणं झालं. शिडी नसलेल्या मनोऱ्याचा दाखला बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात दिला होता. त्या मनोऱ्याचा एक मजला आपणही राखून बसायचं का?

म्हणून पेडगावपासून सुरुवात करू. गावात हलगी, संबळ, तुणतुणं बनवणारं जे कुणी म्हातारं माणूस असेल त्याच्याकडे वही घेऊन बसा. कातडं कसं निवडायचं, केस कसे काढायचे, कड्यावर कसं ताणायचं ते लिहून घ्या. त्याची परवानगी असेल तर वहीच्या पहिल्या पानावर त्याचं पूर्ण नाव लिहा. वाजवायला बोलावलंत तर आधी मोबदला ठरवा, आणि तो 'नाही' म्हणाला तर ते 'नाही' मान्य करा. ज्याला नकार देता येतो तोच कलावंत असतो, बाकी सगळी वेठ.

जय भीम!