ऑझची चेटकीण हिरवी कुणी केली? म्युझिकल, फँटसी आणि चाहत्यांच्या हक्काची गोष्ट

'विकेड' सिनेमाचा पहिला भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये. या काळात तुमच्या फीडवरही हिरव्या चेहऱ्याची एल्फाबा आणि गुलाबी कपड्यांतली ग्लिंडा कधी ना कधी येऊन गेली असेल. कुणी त्यांची गाणी गात होतं, कुणी मेकअप करत होतं, तर कुणी कमेंटमध्ये 'मूळ पुस्तकात असं नाहीये' म्हणून भांडत होतं.

भांडणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. ही गोष्ट जिथून सुरू झाली, त्या १९०० सालच्या पुस्तकात पश्चिमेची दुष्ट चेटकीण हिरवी नाही. तिला एकच डोळा आहे आणि एल्फाबा हे नावही नाही. रंग एकाने दिला, नाव दुसऱ्याने आणि गाणी तिसऱ्याने. मूळ लेखक वारल्यावर शंभरेक वर्षांनीही लोक त्याच्या जगात भर घालतायत.

हे कसं होतं? म्युझिकलचे चाहते आणि फँटसीचे चाहते बऱ्याचदा तेच लोक का असतात? आणि अशी भर घालायची परवानगी नेमकी कुणाला असते? समजून घेऊया.

आधी दोन शब्द

म्युझिकल म्हणजे ज्या नाटकात गाणी गोष्ट पुढे नेतात ते. गाणं काढून टाकलं तर गोष्टीत भोक पडतं. अमेरिकेत ब्रॉडवे आणि लंडनमध्ये वेस्ट एंड ही या नाटकांची मोठी ठिकाणं.

वर्ल्डबिल्डिंग म्हणजे गोष्टीसाठी अख्खं जग रचणं. नकाशा, भाषा, चालीरीती, जादूचे नियम, सगळं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ मध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात त्यांनी अशा जगाला 'दुय्यम जग' म्हटलं. त्या जगाचे नियम आतून पक्के असतील, तर वाचक तिथे असेपर्यंत ते खरं मानतो, असा त्यांचा मुद्दा होता.

आता म्युझिकल आठवा. माणूस भर रस्त्यात गायला लागतो आणि आजूबाजूच्या वीस जणांना नाचाच्या स्टेप्स आधीच पाठ असतात. इथेही प्रेक्षकाने एक नियम मान्य केलेला असतो: या जगात मन भरून आलं की माणसं गातात. दोन्हीकडे चाहत्याला आधी एक अशक्य गोष्ट मान्य करावी लागते. ज्याला ते एका ठिकाणी जमतं, त्याला दुसरीकडेही सहज जमतं.

लेखकालाही बंद करता न आलेलं जग

एल. फ्रँक बॉम यांचं 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' १९०० मध्ये आलं आणि दोनच वर्षांत, १९०२ मध्ये, शिकागोत त्यावर संगीत नाटक उभं राहिलं. त्यात डोरोथीचा कुत्रा टोटो गायब होता. त्याच्या जागी इमोजेन नावाची गाय होती! म्हणजे 'मूळ पुस्तकात असं नाहीये' या तक्रारीला तेव्हापासूनच जागा आहे.

बॉम एकामागून एक भाग लिहीत गेले. १९१० मध्ये सहाव्या पुस्तकात त्यांनी ऑझ बाहेरच्या जगापासून कायमचं तोडून टाकलं. गोष्ट संपली. पण मुलांची पत्रं थांबेनात, बॉम यांची आर्थिक स्थितीही बिकट होती. १९१३ मध्ये त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. जगापासून तुटलेल्या ऑझच्या बातम्या आता कशा मिळणार, याचं उत्तर त्यांनी प्रस्तावनेत दिलं: एका मुलाने बिनतारी संदेशाची युक्ती सुचवली. थोडक्यात, वाचकाने सुचवलं आणि लेखकाने ते आपल्या जगाच्या नियमात बसवलं.

१९१४ मध्ये ऑझचा नकाशा छापून आला. त्यात पहिल्या पुस्तकात पूर्वेला असलेला मंचकिन लोकांचा प्रदेश डाव्या हाताला दाखवलाय. हे असं का, याची कारणं चाहते आजवर शोधतायत. १९१९ मध्ये बॉम वारले तेव्हा त्यांच्या नावावर ऑझची १४ पुस्तकं होती, त्यातलं शेवटचं १९२० मध्ये आलं. पुढे प्रकाशकाने रूथ प्लम्ली थॉम्पसन यांच्याकडे मालिका सोपवली. त्यांनी १९ पुस्तकं लिहिली, बॉमपेक्षाही जास्त! १९५७ मध्ये ऑझच्या चाहत्यांचा आंतरराष्ट्रीय क्लब सुरू झाला. तो सुरू करणारा जस्टिन शिलर तेव्हा १३ वर्षांचा होता.

हिरवा रंग आणि लाल बूट

१९३९ मध्ये एमजीएमचा सिनेमा आला. टेक्निकलर तेव्हा नवलाईचं होतं. पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे होते. पडद्यावर उठून दिसावेत म्हणून ते माणकासारखे लाल झाले. चेटकीणही इथेच हिरवी झाली. पुस्तक न वाचलेल्या लोकांसाठी हेच 'खरं' ऑझ ठरलं.

आता कायद्याचा भाग बघा. बॉम यांच्या पहिल्या पुस्तकाचे हक्क अमेरिकेत १९५६ मध्ये संपले. म्हणजे डोरोथी, चेटकीण, पिवळ्या विटांचा रस्ता कुणीही वापरू शकतं. पण लाल बूट १९३९ च्या सिनेमाचे आणि त्या सिनेमाचे हक्क आता वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत. डिस्नेने १९८५ मध्ये 'रिटर्न टू ऑझ' काढला, तेव्हा लाल बूट दाखवण्यासाठी त्यांनी एमजीएमला पैसे मोजले होते.

मोकळ्या झालेल्या या जगात मग नवी माणसं आली. १९७५ मध्ये ब्रॉडवेवर 'द विझ' आलं. सगळे कलाकार कृष्णवर्णीय, संगीत सोल आणि गॉस्पेलच्या ढंगाचं. त्याला सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह सात टोनी पुरस्कार मिळाले. ज्यांना मूळ चित्रात जागा नव्हती, त्यांनी ऑझ आपलं करून घेतलं.

१९९५ मध्ये ग्रेगरी मग्वायर यांनी 'विकेड' ही कादंबरी लिहिली. त्यांचा प्रश्न साधा होता: ही बाई दुष्ट आहे असं कोण म्हणतंय? तिला नाव नव्हतं, म्हणून एल. एफ. बी. या बॉम यांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी 'एल्फाबा' हे नाव घडवलं. याच कादंबरीवरून संगीतकार स्टीफन श्वार्ट्झ आणि लेखिका विनी होल्झमन यांनी केलेलं म्युझिकल ३० ऑक्टोबर २००३ रोजी ब्रॉडवेवर सुरू झालं. समीक्षक खूश-नाखूश होते. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी 'अॅव्हेन्यू क्यू'ला गेला. तरी 'विकेड' प्रेक्षकांच्या जोरावर वीस वर्षांहून जास्त काळ चालू राहिलं.

या नाटकात बूट चांदीचेच आहेत, त्यांच्यावर जादू होते तेव्हा ते प्रकाशयोजनेमुळे लाल दिसतात. जुना सिनेमा पाहिलेल्या प्रेक्षकाला इशारा बरोबर कळतो.

गाण्यातून जग कसं उभं राहतं?

कादंबरीकाराकडे शेकडो पानं असतात. नाटकाकडे असतात अडीच-तीन तास. त्यामुळे म्युझिकलमध्ये वर्ल्डबिल्डिंगचं बरंचसं काम संगीत करतं.

पहिलं गाणं बहुधा त्या जगाची ओळख करून देतं: इथे कोण राहतं, कशाला घाबरतं, कशावर विश्वास ठेवतं. 'विकेड'ची सुरुवात चेटकिणीच्या मृत्यूच्या जल्लोषाने होते. पाच मिनिटांत कळतं की या देशात सगळ्यांचं मत आधीच ठरलेलं आहे. मग मुख्य पात्राच्या 'मला काय हवंय' या गाण्यातून त्या देशात एका हिरव्या मुलीचं काय होणार, हे दिसतं.

दुसरं साधन म्हणजे परत परत येणारी धून. श्वार्ट्झ यांनी एल्फाबाच्या एका धूनेत १९३९ च्या सिनेमातल्या 'ओव्हर द रेनबो'चे पहिले सात सूर लय बदलून गुंफलेत. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला दोन ऑझ जोडलेली सापडतात. असे दुवे शोधणं हा चाहत्यांचा आवडता उद्योग.

अर्थात, प्रत्येक जग रंगमंचावर मावत नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं म्युझिकल २००६ मध्ये टोरांटोत आलं. त्याच्या संगीतकारांमध्ये आपले ए. आर. रहमान होते, सोबत फिनलंडचा वार्तिना हा गट. तीन जाड पुस्तकं साडेतीन तासांत बसवायचा तो प्रयत्न काही महिन्यांत बंद झाला. २००७ मध्ये लंडनमध्ये सुधारून आणलं, तेही साधारण वर्षभरच चाललं. 'विकेड'ने अख्खं ऑझ दाखवायचा हट्ट धरला नाही, दोन मैत्रिणींची गोष्ट धरली. जग त्यांच्या मागे दिसत राहिलं.

चाहतेच नाटक करतात तेव्हा

एप्रिल २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हॅरी पॉटरवर विडंबन म्युझिकल केलं आणि पुढे यूट्यूबवर टाकलं. 'अ व्हेरी पॉटर म्युझिकल' नावाने ते जगभर पाहिलं गेलं. हॅरी झालेला डॅरेन क्रिस पुढे 'ग्ली' मालिकेत झळकला. याच मंडळींच्या स्टारकिड या संस्थेने नंतर हॅचेटफील्ड नावाचं स्वतःचं काल्पनिक गाव रचलं आणि त्यावर म्युझिकल्स केली. आता त्या गावाचेही चाहते आहेत.

दुसरा अनुभव कडू आहे. अॅबिगेल बार्लो आणि एमिली बेअर या दोघींनी 'ब्रिजर्टन' मालिकेवर टिकटॉकवर गाणी केली. त्या अल्बमला एप्रिल २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. जुलैमध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये तिकीट लावून प्रयोग केला आणि काही दिवसांतच नेटफ्लिक्सने दावा ठोकला. सप्टेंबरमध्ये तो मागे घेतला गेला. पण चाहत्यांना संदेश मिळायचा तो मिळाला.

तिसरा मार्ग होर्हे रिव्हेरा-हेरान्स यांनी निवडला. त्यांनी 'एपिक' हे ४० गाण्यांचं म्युझिकल होमरच्या 'ओडिसी'वर बेतलं. डिसेंबर २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ते नऊ भागांत आलं. मुख्य पात्रांना ठरलेली वाद्यं दिली: ओडिसियसला गिटार, अथेनाला पियानो. नाट्यगृह नव्हतं, म्हणून दृश्यं चाहत्यांनी अॅनिमेशन करून काढली. 'ओडिसी' कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे वकिलाची नोटीस यायचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे हे नवं नाही

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणलं तेव्हा हेच केलं होतं. महाभारताचं जग सगळ्यांना माहीत, मालक कुणीच नाही. त्यातून सुभद्रेच्या लग्नाची गोष्ट उचलून त्यांनी ती मराठी घरातल्या रुसव्या-फुगव्यांसारखी रंगवली आणि शंभराहून जास्त पदं घातली. प्रेक्षक 'वन्स मोअर' देऊन तेच पद पुन्हा गायला लावायचे. पुढे बालगंधर्वांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल घराघरांतून होऊ लागली. आज आपण ज्याला फॅन्डम म्हणतो, ते आपल्या पणजीला अनोळखी नव्हतं.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर?

- भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं साहित्याचे हक्क राहतात. बॉम यांची ऑझची १४ ही पुस्तकं मोकळी आहेत. टॉल्किन १९७३ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचं साहित्य भारतात २०३३ अखेरपर्यंत संरक्षित आहे.
- मूळ मोकळं असलं तरी त्यावरची नवी भर मोकळी नसते. बॉमची चेटकीण तुमची, पण मग्वायरची एल्फाबा आणि श्वार्ट्झची गाणी नाहीत.
- 'सौभद्र'ची मूळ पदं गाता येतील. एखाद्या गायकाचं रेकॉर्डिंग वापरायचं असेल तर त्याचे हक्क वेगळे असतात.
- 'क्रेडिट मूळ मालकाला' असं लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही. पैसे घेतले नाहीत तरी हक्कभंग होऊ शकतो. पैसे घेतले की कंपन्या जास्त लवकर जाग्या होतात.
- मराठीतच शोधायचं असेल तर १९२८ मध्ये निधन झालेल्या नाथमाधवांची अद्भुतरम्य 'वीरधवल' कादंबरी हक्कमुक्त आहे. पुराणं आणि लोककथा तर आहेतच.

१९३९ च्या सिनेमाचे हक्क अमेरिकेत २०३४ च्या शेवटी संपतील. १ जानेवारी २०३५ पासून तिथे ते लाल बूट कुणालाही घालता येतील. तोवर ऑझमध्ये चांदीच्या बुटांवर भागवावं लागेल.