रोशाचे तेल, रॉकेल आणि डासांच्या अळ्या

१/८
भंगारातील पिंपांत, टायरांत पावसाचे पाणी साचते आणि साधारण आठवड्याभरात त्यातून डास उडतात. अशा पाण्यात ‘नैसर्गिक सुगंधी तेलाचे दोन थेंब’ टाकण्याचा सल्ला आज सर्रास दिला जातो. असे तेल महाराष्ट्रात पूर्वीही निघत होते. मग अळ्या मारण्यासाठी रॉकेलच का पुढे आले?

२/८
एकोणिसाव्या शतकात खानदेशात, नंदुरबार व पिंपळनेरच्या परिसरात, ओढ्याकाठी रोशा गवताच्या भट्ट्या लागत. हंड्यात गवत उकळत असे. वाफ नळीतून गार पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरे आणि निवताच वर तेल तरंगे.

३/८
हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानापर्यंत पोहोचे. गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई, कारण जिरॅनिऑल हे सुवासिक द्रव्य दोहोंत असते. थोडक्यात, हा अत्तराच्या बाजारातील किमती माल होता.

४/८
इकडे १८९२ मध्ये अमेरिकेत लेलंड हॉवर्ड यांनी साचलेल्या पाण्यावर रॉकेल टाकून पाहिले. अळी पाण्याच्या पृष्ठभागावरून हवा घेते. तवंगामुळे तिचा श्वास कोंडतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे परजीवी दिसले आणि अळ्यांचा नाश हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरला.

५/८
मुंबईत चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने शहरातील विहिरींकडे बोट दाखवले. विहिरी बुजवण्यास अनेक हिंदू व पारशी रहिवाशांनी धार्मिक कारणांवरून विरोध केला. पाणी हे केवळ डासांचे घर नव्हते, श्रद्धेचेही स्थान होते.

६/८
या साऱ्यात सुगंधी तेल मागे का राहिले? माझ्या मते उत्तर अर्थकारणात आहे. दिव्यासाठी जगभर विकले जाणारे रॉकेल स्वस्त होते. सुगंधी तेल महाग, शिवाय चटकन उडून जाणारे.

७/८
पुढे डीडीटी आले, डास त्यालाही सरावले आणि संशोधक पुन्हा वनस्पतींकडे वळले. गवती चहा, सिट्रोनेला, निलगिरी यांची तेले प्रयोगशाळेत अळ्या मारतात. ती मुख्यतः विषासारखी काम करतात. तवंगावर त्यांची भिस्त नसते. म्हणूनच मात्रा महत्त्वाची.

८/८
हिशेब करून पाहा. दशलक्षाला ५० भाग ही मात्रा धरली, तर २०० लिटरच्या पिंपाला १० मिलिलिटर तेल हवे; दोन थेंबांनी भागत नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते मिसळण्याची सोय हवी, आणि उडून गेल्यावर पुन्हा टाकायला हवे. पिंप पालथे करायला मात्र यातले काहीच लागत नाही. तेलाचा विचार करायचा तो जे पाणी ओतून देता येत नाही, त्याच्यासाठी.