वेसकराची काठी, डबेवाल्याची लाईन आणि मोबाईलवरची ऑर्डर

वर्षावासातल्या एका रविवारी आंबेगाव तालुक्यातल्या एका विहारात वाचनालयासाठी बैठक होती. विषय बाजूला राहिला आणि वाद भलत्याच गोष्टीवर पेटला. पुण्यात जेवणाच्या ऑर्डरी पोचवणारा वस्तीतला एक पदवीधर पोरगा त्या दिवशी ॲप बंद ठेवून आला होता. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा त्याला म्हणाले, “बाबासाहेबांनी गावाची वेठ टाकायला सांगितली. आणि तुम्ही शिकून सवरून परत लोकांच्या दारात उभे राहता?”

पोरगा चिडला नाही. म्हणाला, “आजोबा, इथं कुणाच्या मळ्यात कामाला गेलो तर मालकाला माझा आजा-पणजा कोण तेसुद्धा माहीत असतं. तिकडं गिऱ्हाईक फक्त ओटीपी सांगतं.”

आजोबा चूक होते का? नाही. पोरगा चूक होता का? तोही नाही. दोघांच्या बोलण्यात आपला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, पण अर्धा अर्धा. तो जोडून पाहिल्याशिवाय या नव्या कामाबद्दल चळवळीची भूमिका ठरणार नाही. ‘पोरं वाया गेली’ म्हणणं सोपं आहे. ‘स्वतःच मालक व्हा’ ही जाहिरात उचलणंही तितकंच सोपं आहे.

हाक आली की उठायचं

मागणी येईल तेव्हा काम, कामाची वेळ ठरलेली नाही, कामाचं स्वरूप ठरलेलं नाही, आणि मोबदला देणारा वेगळा, हुकूम सोडणारा वेगळा. ही व्यवस्था कुणा कंपनीने शोधलेली नाही. महार वतन नेमकं हेच होतं. वेशीची राखण, सांगावा पोचवणं, मयताची बातमी गावोगाव नेणं, अधिकाऱ्याचं सामान वाहणं, वसुलाच्या रकमेबरोबर तालुक्याला जाणं, मेलेलं जनावर ओढणं. हाक मध्यरात्री आली तरी जायचं. वतनदार घरी नसेल तर घरातलं दुसरं माणूस जायचं. 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली.

मोबदला काय? थोडी इनाम जमीन, काही ठिकाणी किरकोळ रोकड, आणि गावाकडून बलुतं. म्हणजे चाकरी सरकारची, पण पोट रयतेच्या मर्जीवर. मार्च 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते याच जागेवर. महाडनंतर आपली माणसं ताठ मानेने बोलू लागली की गाव पहिलं काय करत असे? बलुतं बंद. काम तेच, पण गिऱ्हाईक नाराज म्हणून मजुरी नाही. आजचा पोरगा ज्याला ‘रेटिंग’ म्हणतो, त्याची आपल्या पणज्याला चांगली ओळख होती.

विधेयकाची मागणी साधी होती. बलुत्याऐवजी रोख पैसे मिळावेत, ते सरकारने वसूल करून द्यावेत, आणि ज्याला वतन सोडायचं आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी. सरकारची साथ नव्हती. 1929 मध्ये त्यांना विधेयक मागे घ्यावं लागलं. पुढे डिसेंबर 1939 मध्ये हरेगावला वतनदारांची परिषद झाली. पण वतन कायद्याने संपायला 1958 चा कायदा यावा लागला आणि 1959 मध्ये तो लागू झाला. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वतनात कामाचा विटाळ होताच, पण विधेयकाने हात घातला तो अटींना: पैसे कोण देणार, किती देणार, कधी देणार, आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे की नाही.

जुन्नर-आंबेगावचा डबा

घरचं जेवण दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचा धंदा आपल्या भागाला नवा नाही. मुंबईचे डबेवाले मुख्यतः खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव याच पट्ट्यातले. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. 1956 मध्ये त्यांचा ट्रस्ट नोंदला गेला. या व्यवस्थेचं कौतुक जगभर झालं, पण ते बहुतेक वेळा डबा चुकत नाही याचं झालं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की डबेवाला नोकर नाही. त्याची स्वतःची लाईन असते, गटात तो भागीदार असतो, मुकादम त्यांच्यातलाच असतो, आणि भांडण झालं तर समोरासमोर बसून मिटतं. वर बसून दर ठरवणारा कुणी परका नाही.

पण या चित्राची दुसरी बाजू आपणच सांगायला हवी. या लाईनीवर माणूस येई तो भावकीतून, गावकीतून, ओळखीच्या हमीवर. डबेवाले बहुसंख्येने मराठा समाजातले राहिले, यात नवल काय? ज्या काळात आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या काळात आपल्या माणसाच्या डोक्यावरून कुणाचा शिजवलेला डबा गिरगावात गेला असता? त्याच डोंगरातून, त्याच घाटाने आपलीही माणसं मुंबईला उतरली. त्यांच्या वाट्याला गोदी, रेल्वेची गँग, सफाई आणि गिरण्यांतली हलक्या पगाराची खाती आली. गिरणीत जास्त पैसे विणकाम खात्यात होते आणि तिथं अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून ओढावा लागे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला. जात म्हणजे कामाची वाटणी नव्हे, ती कामगारांचीच वाटणी आहे, हे त्यांनी 1936 मध्ये लिहिलं. त्यामागे असा रोजचा अनुभव होता.

आता विहारातल्या पोराचं उत्तर पुन्हा ऐका. ज्याच्या पणज्याला विणकाम खात्यात धागा लावू दिला नाही, तो आज परक्याचं जेवण पाठीवर घेऊन पंधराव्या मजल्यावर जातो. त्याला यात थोडी सुटका वाटली तर त्याला हसू नये.

ते हे काम का घेतात

पुण्या-पिंपरीत राहणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांशी बोललं की कारणं तीच तीच येतात. कुकडी प्रकल्पाचं पाणी ज्यांच्या जमिनीला लागलं, त्यांचे ऊस, द्राक्षं, टोमॅटो उभे राहिले. आपल्याकडे जमीनच तुटपुंजी, त्यामुळे आपण त्याच पिकात मजूर. नारायणगावला मजुरांच्या अड्ड्यावर पश्चिमेकडचे ठाकर-कोळी बांधव सकाळी उभे राहतात आणि गाडीवाला माणसं निवडून नेतो, तेही मागणीनुसार कामच. चाकणच्या कारखान्यात काम मिळतं ते ठेकेदारामार्फत. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि कायम होण्याच्या आत माणूस बाहेर.

याच्यापुढे ॲप काय मागतं? लायसन, मोबाईल आणि हप्त्यावरची का होईना, गाडी. शिफारस नको, पुढाऱ्याची चिठ्ठी नको. पैसे आठवड्याला खात्यात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा सकाळी अभ्यासिकेत बसतो आणि संध्याकाळी ऑर्डरी मारतो. म्हणून ही निवड खरी आहे. पण तीन वाईट वाटांमधून चौथी निवडणं, एवढंच तिचं खरेपण. आणि हेही लक्षात घ्या की आपल्या बहिणींना ही चौथी वाटही फारशी खुली नाही. रात्रीचा रस्ता, स्वच्छतागृह नाही, आणि घरातली गाडी भावाच्या नावावर.

अनुभव काय सांगतो

सुरुवातीचे महिने बरे जातात. मग दर बदलतात, ते कुणाशीही न बोलता. हॉटेलबाहेर थांबलेल्या वेळेचे पैसे नाहीत. पेट्रोल आपलं, पंक्चर आपलं, अपघातानंतरची उचलाउचल मित्रांची. खोटी तक्रार आली की आयडी बंद, आणि दाद मागायला समोर माणूसच नाही. पाटलाला निदान तोंड होतं.

जात गेली का? गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पोराचं नाव दिसतंच. जून 2022 मध्ये लखनौत एका दलित डिलिव्हरी कामगाराने तक्रार दिली, की जात विचारून जेवण नाकारलं आणि मारहाण केली. मार्च 2024 मध्ये झोमॅटोने ‘शुद्ध शाकाहारी’ गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतला वेगळा ताफा जाहीर केला. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घेतला. पण सोवळं किती सहज ॲपमध्ये शिरतं हे त्या एका दिवसात दिसलं. सोसायट्यांच्या वेगळ्या लिफ्टबद्दल तर काय सांगावं!

नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे 2020-21 मध्ये देशात असे 77 लाख कामगार होते आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने या कामगाराला पहिल्यांदा नाव दिलं आणि कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधी द्यावा अशी तरतूद केली. पण त्याला नेहमीच्या मालक-कामगार नात्याच्या बाहेरच ठेवलं. म्हणजे मदत मिळेल, हक्क नाही. 1942 ते 1946 या काळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला आणि 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यात आठवड्याला 48 तास ठरले. आज बारा तास रस्त्यावर असणाऱ्या पोराला तो कायदा लागत नाही, कारण तो ‘पार्टनर’ आहे. वतनदारालाही ‘हक्कदार’ म्हणत होतेच.

मग करायचं काय

उत्तरासाठी फार लांब जायला नको. जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. आपण तिथं वंदनेला जातो, फोटो काढतो. तिथले शिलालेखही पाहावेत. त्यांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींनी दिलेल्या दानांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच गावात हाताने काम करणारे लोक संघटित होते, त्यांच्या संघटनेकडे पैसा होता आणि तिचं नाव दगडात कोरलं जात होतं.

दुसरा दाखला महाराष्ट्राच्या कायद्याचा. 1969 चा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो, रोज गिऱ्हाईक बदलतं. तरी या कायद्याने मंडळ नेमलं, कामगाराची नोंद केली, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा करायला लावली, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना दिला. ‘कायम मालक नाही म्हणून हक्क नाही’ हा युक्तिवाद आपल्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वीच खोटा ठरवलेला आहे. राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी मंडळाचा कायदा केला. मग ज्या मातीत माथाडी कायदा झाला तिथं आपण काय मागायचं? प्रत्येक ऑर्डरवर लेव्ही, दर बदलण्याआधी चर्चा, आयडी बंद करण्याआधी सुनावणी, अपघाताची भरपाई, आणि जातीवरून अपमान झाला तर पोराबरोबर कंपनीनेही पोलीस ठाण्यात उभं राहणं.

पण मंडळ मागायला आधी नोंद लागते. म्हणून त्या विहारात पुढच्या बैठकीला मी एक वही ठेवली. वस्तीतलं कोण कोणत्या ॲपवर, किती तास, कुणाचा आयडी कधी बंद झाला, कुणाला अपघात झाला. ज्यांची ई-श्रमवर नोंदणी नाही त्यांची तिथंच करायची. वाचनालयाचा विषय पुन्हा मागे पडला, याचं वाईट वाटलं नाही.

वहीतलं पहिलं नाव त्याच पोराचं आहे. नोंदी आजोबांच्या अक्षरात आहेत. रेल्वेच्या युनियनमध्ये त्यांनी बरीच वर्षं हेच काम केलं होतं, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

आपल्या गावात अशी वही नसेल तर या रविवारी सुरू करा.

जय भीम!