खाणींतून माजघरांत

तळहाताएवढें एक यंत्र भिंतीला टांगावें आणि घरांतील हवेंत रेडॉन नांवाचा वायु किती आहे तें खिशांतल्या स्मार्टफोनवर वाचावें, ही सोय युरोप-अमेरिकेंतील सामान्य कुटुंबाला अलीकडच्या काळांत मिळाली आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें न्यू जर्सींत किंवा पेनसिल्व्हेनियांत घर घेऊन राहिलीं आहेत, त्यांच्या कानांवर घरखरेदीच्या वेळीं हा शब्द पडलाच असेल. यंत्र दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याच्या मागें साडेचारशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. हा इतिहास जितका शोधांचा, तितकाच तो मिळालेलें ज्ञान ज्याच्या जिवाशीं गांठ होती त्याच्यापर्यंत न पोंचल्याचाही आहे. आणि मला त्याची ही दुसरी बाजूच अधिक विचार करावयास लावते.

प्रथम वायूची ओळख करून घेऊं. बहुतेक सर्व मातींत व खडकांत अत्यल्प प्रमाणांत युरेनियम असतें. ग्रॅनाइटांत तें पुष्कळदां अधिक असतें. त्याचा क्षय होत होत रेडियम उत्पन्न होतें आणि रेडियमपासून रेडॉन. या वंशावळींत वायुरूप असा हाच. म्हणून तो खडकांच्या फटींतून सुटून वर येऊं शकतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, रुचि नाहीं. उघड्यावर तो वाऱ्याबरोबर विरून जातो. बंद घरांत सांचतो. चार दिवसांच्या आंत त्याचा अर्धा भाग नष्ट होतो. परंतु नष्ट होतांना तो पोलोनियमसारखीं घनरूप अपत्यें मागें ठेवतो. तीं धुळीच्या कणांना चिकटून श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊन बसतात आणि तेथेंच अल्फा कण सोडतात. घात करतात तीं मुख्यतः हीं अपत्यें. जन्मदाता बराचसा आल्या वाटेनें उच्छ्वासाबरोबर परत जातो.

जर्मनी व बोहेमिया यांच्या सीमेवर एर्त्सगेबिर्गे नांवाची डोंगरांची ओळ आहे. तेथील श्नेबेर्ग व योआखिमस्ताल या गांवीं पंधराव्या-सोळाव्या शतकांत चांदीच्या खाणी भरभराटीस आल्या. योआखिमस्तालच्या नाण्याला ‘तालर’ म्हणत. आजचा डॉलर हा शब्द त्याचाच अपभ्रंश होय. या गांवीं कांहीं वर्षें वैद्यकी केलेल्या गेओर्ग आग्रिकोला याचा खाणविद्येवरील लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ सालीं प्रसिद्ध झाला. खाणींत काम करणारांचीं फुफ्फुसें झिजून जातात, आणि कार्पेथियन पर्वतांतील खाणींच्या भागांत सात-सात नवरे या व्याधीला बळी पडलेल्या स्त्रिया आढळतात, असें त्यांत नमूद आहे. आग्रिकोलानें दोष धुळीला व कोंडलेल्या हवेला दिला. निदान अपुरें होतें; उपाय मात्र चुकला नाहीं. खाणींत ताजी हवा खेळविणाऱ्या भात्यांचीं व पंख्यांचीं वर्णनें त्यानें आकृत्यांसह दिलीं आहेत. श्नेबेर्गचा हा जुना ‘डोंगररोग’ म्हणजे फुफ्फुसांतील घातक अर्बुद होय, हें हार्टिंग व हेस्से या दोन डॉक्टरांनीं १८७९ सालीं दाखवून दिलें. तोंवर तीन शतकें उलटून गेलीं होतीं.

पुढील भाग पुष्कळांना परिचित आहे. १८९८ सालीं क्यूरी दांपत्यानें योआखिमस्तालच्याच खनिजांतून रेडियम हुडकून काढलें. १९०० सालीं डोर्न या जर्मन शास्त्रज्ञानें रेडियमपासून वायु निघतो हें दाखविलें. रेडॉन हें नांव १९२३ सालापासून रूढ झालें. मग जें घडलें तें एखाद्या नाटककारानें लिहिलें असतें तर अतिशयोक्ति म्हणून आपण नाक मुरडलें असतें. योआखिमस्ताल येथें १९०६ सालीं किरणोत्सर्गी पाण्याचें स्नानगृह उघडलें. ज्या वायूंत मजूर दिवसभर राबत होते, त्याच वायूनें भारलेल्या पाण्यांत बसून सुखवस्तु रोगी सांधेदुखी बरी करून घेऊं लागले. १९२० नंतरच्या दशकांत खाणींतील हवेंत रेडॉन मोजला गेला आणि शास्त्रज्ञांचा संशय त्याच्यावर आला.

म्हणून १९५० नंतर अमेरिकेंत जें झालें त्याला अज्ञानाची सबब चालत नाहीं. अणुबाँबसाठीं युरेनियम हवें होतें, आणि तें कोलोरॅडोच्या पठारावर सांपडत होतें. तेथील खाणींत उतरणारांमध्यें नाव्हाहो जमातीचे आदिवासी पुष्कळ होते. सार्वजनिक आरोग्य खात्यानें १९५० पासून या मजुरांची तपासणी आरंभिली. डंकन हॉलाडे हा अधिकारी हवेंतील रेडॉन मोजून, खाणींत हवा खेळती ठेवा म्हणून कानींकपाळीं ओरडत राहिला. परंतु खाणमालकांनीं आंत येऊं द्यावें म्हणून मजुरांना धोका सांगावयाचा नाहीं, अशी तडजोड खात्यानें पत्करली होती. डॉक्टर येत, प्रकृति तपासीत, नोंदी करीत आणि निघून जात. केंद्र सरकारनें मर्यादा घातली ती १९६७ सालीं. भरपाई देणारा व राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागणारा कायदा झाला तो १९९० सालीं. मधल्या काळांत विधवा झालेल्या कित्येक नाव्हाहो स्त्रियांना आपल्या दुर्दैवाचें कारण आग्रिकोलाच्या काळांतील त्या स्त्रियांइतकेंच ठाऊक होतें. अज्ञानानें घडलेले अनर्थ शास्त्राच्या इतिहासांत थोडे नाहींत; हा मोजमापाचे कागद हातांत असतांना घडला.

इतकें होऊनही रेडॉन ही खाणींतली बाब समजली जात होती. स्वीडनमध्यें बेंग्ट हुल्टक्विस्ट यानें १९५६ सालींच राहत्या घरांतील रेडॉनचीं मोजमापें प्रसिद्ध केलीं होतीं. त्यांकडे जगानें जवळजवळ वीस वर्षें लक्ष दिलें नाहीं. जग जागें झालें तें एका घंटेमुळें. पेनसिल्व्हेनियांतील लिमरिक येथें अणुवीज केंद्राची उभारणी पुरी होत आली होती. बाहेर पडणाऱ्या नोकराच्या अंगावर किरणोत्सर्गी धूळ आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं दाराशीं यंत्रें बसविलेलीं होतीं. १९८४ च्या डिसेंबरांत स्टॅन्ले वॉट्रस नांवाचा अभियंता त्यांजवळून गेला कीं घंटा वाजूं लागली. केंद्रांतून अजून वीज निघत नव्हती, मग ही धूळ आली कोठून? शेवटीं एके दिवशीं तो सकाळीं आंत शिरतांच यंत्रापाशीं गेला, आणि घंटा वाजली. धूळ त्याच्या घरांतून येत होती. त्या घरांतील रेडॉन दर लिटरला सुमारें २,७०० पिकोक्युरी भरला. अमेरिकेंत पुढें जी ४ पिकोक्युरींची मर्यादा ठरली तिच्या पावणेसातशें पट! बायकामुलांसह त्यानें घर सोडलें, आणि दुरुस्तीनंतर कांहीं महिन्यांनीं तें कुटुंब परत राहावयास आलें. रीडिंग प्राँग नांवाची ती खडकांची पट्टी पेनसिल्व्हेनियांतून न्यू जर्सी ओलांडून न्यू यॉर्क राज्यांत जाते. शेजारशेजारच्या दोन घरांतही अंतर मोठें पडतें; म्हणून प्रत्येक घर वेगळें मोजावें लागतें.

आरंभीं ही मोजणी कोळशाच्या डबीनें किंवा अल्फा कणांचे ओरखडे उमटणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानें होई. तो प्रयोगशाळेला पाठवावा आणि उत्तराची वाट पाहावी. नवें यंत्र आपल्या पोटांतील कोठींत शिरलेल्या हवेंतले अल्फा कण स्वतःच मोजतें आणि आंकडा बिनतारी मार्गानें फोनला कळवितें. येथें थोडें गणित करणें अवश्य आहे. १०० बेकरेल म्हणजे एका घनमीटर हवेंत दर सेकंदाला १०० अणूंचा क्षय. कोठी पाव लिटरची धरली तर तेथें चाळीस सेकंदांत एक, म्हणजे तासाला नव्वद. त्यांतलेही सगळे यंत्राला सांपडत नाहींत. शिवाय अणु घड्याळाच्या ठोक्यांवर फुटत नाहींत. तेव्हां तासातासाच्या आंकड्यांतला चढउतार पुष्कळसा निव्वळ यदृच्छेचा. न्यू जर्सींतील माझा एक जुना विद्यार्थी रात्रीं उठून फोन पाहत असे. मीं त्याला तीन महिने तिकडे न पाहण्याचा सल्ला दिला. हिंवाळ्यांत दारें बंद असतात, घरांतील उष्ण हवा वर जाते आणि तळघर जमिनींतला वायु ओढून घेतें. उन्हाळ्यांत आंकडा बहुधा उतरतो. खरें माप वर्षाच्या सरासरीचें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घनमीटरला १०० बेकरेल ही मर्यादा सुचविली, आणि तें न साधल्यास ३०० च्या वर तरी जाऊं नये असें सांगितलें. युरोपांतील तेरा अभ्यासांच्या २००५ सालच्या एकत्रित पाहणींत दर १०० बेकरेलमागें फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संभव सुमारें १६ टक्क्यांनीं वाढलेला आढळला. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा मूळचाच संभव फार मोठा. त्यामुळें ही वाढ त्याला कितीतरी अधिक महाग पडते.

हें वाचून पुण्या-साताऱ्याच्या वाचकानें यंत्र मागवावयास धांवूं नये. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांत युरेनियम फार थोडें, आमच्या घरांना बहुधा तळघर नाहीं, आणि खिडक्या बाराहि महिने उघड्या. चिंता करावयाची ती ज्यांचीं मुलें थंड मुलखांत तळघराच्या घरांत राहतात त्यांनीं, आणि तीही बेताची. कारण उपाय साधा आहे. जमिनीच्या लादीखालीं नळी घालून पंख्यानें तेथील हवा छपराबाहेर सोडतात. आग्रिकोलाला तो पंखा दाखविला असता तर त्यानें तो तत्काळ ओळखला असता.

मात्र लादी फोडण्याचा अधिकार घरमालकाचा असतो. भाडेकरू यंत्र विकत घेऊं शकतो, आंकडा फोनवर रोज पाहूं शकतो. तो आंकडा पुष्कळदां यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या संगणकांतही जाऊन पडतो. मालकाला दुरुस्ती करावयास भाग पाडणारा कायदा मात्र अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत नाहीं.